दुसऱ्याच्या नावावरचं बालपण

एप्रिलच्या दुपारी बस स्टँडवरून भरलेली रिक्षा वळली आणि गरम वाऱ्याच्या झोतात समोर बसलेल्या माणसाच्या मांडीवरचे कागद उडाले. दोन बाहेर पडता पडता वाचले, एक पूर्णिमाच्या पर्सवर येऊन बसला. परत देण्याआधी तिने तो वाचून टाकला. ही तिची जुनी खोड होती.

'नाल्याला छातीएवढं पाणी होतं. मी दप्तर डोक्यावर धरलं आणि देवाचं नाव न घेताच पाण्यात पाय टाकला. नाव घ्यायला तोंड उघडलं असतं, तर रडू फुटलं असतं. मी तेव्हा नऊ वर्षांचा होतो.'

शेवटची ओळ तिने दोनदा वाचली, मग कागद त्याला परत दिला.

"तुमचं आहे?"

"नाही, पंडितशेठचं. केळीचे व्यापारी आहेत. त्यांचं आत्मचरित्र चाललंय. ते सांगतात, मी लिहितो."

"आणि हे रडू फुटण्याचं... त्यांनीच सांगितलं?"

त्याने मान वर करून तिच्याकडे नीट पाहिलं. डोळे हसरे होते, बोटांवर शाईचे डाग. "तुम्ही पोलिसात आहात का?"

"गणित शिकवते."

"मतलब तेच."

तिला हसू आलं आणि आल्याचा रागही आला. सिंधीपुऱ्यात ती उतरली, तर तोही उतरला. ती गल्लीत वळली, तोही वळला. शेवटी घराच्या पायरीवर ती गर्रकन फिरली.

"काय हो, मागे मागे का येऊन राहिले?"

"श्रीकांत सरांचं घर... हेच ना?"

श्रीकांत सर म्हणजे तिचे पप्पा. चाळीस वर्षं त्यांनी शाळा चालवली. अर्ध्या बुऱ्हाणपुराने त्यांच्या हातची छडी खाल्ली होती. आता सत्तरीनिमित्त माजी विद्यार्थ्यांना सरांचं आत्मचरित्र काढायचं होतं, आणि ते लिहायला त्यांनी या समाधानला धाडलं होतं.

मंगळवारी आणि शुक्रवारी, संध्याकाळी तो यायचा. पप्पा बोलायचे, तो वहीत उतरून घ्यायचा. पूर्णिमा उत्तरपत्रिका तपासायचं निमित्त करून तिथेच बसायची. नजर मात्र त्याच्यावर. लोकांची आयुष्यं लिहून पोट भरणारा माणूस खरा कसा असेल? पण तो पप्पांचं ऐकताना पेन थांबवून गप्प राहायचा, तेव्हा तिचेही गुण द्यायचे राहून जायचे. बशीतला गोड दराबा तो बरोब्बर अर्धा मोडायचा आणि अर्धा तिच्या बाजूला सरकवायचा.

"लाच देताय?"

"संशय कमी व्हायला किती लागेल, त्याचा अंदाज घेतोय."

महिनाभराने पहिलं प्रकरण टाइप होऊन आलं. पप्पा झोपलेले असताना तिने ते उघडलं आणि तिसऱ्याच पानावर ती थबकली. 'नाल्याला छातीएवढं पाणी होतं...'

पप्पा तर याच घरात जन्मले होते. खाली आजोबांचं कापडाचं दुकान, दारात गाय, शाळा चार घरं सोडून. नाला आला कुठून?

शुक्रवारी तिने त्याला पायरीवरच अडवलं.

"दोन माणसं एकाच नाल्यातून शाळेत गेली? तेच पाणी, तेच दप्तर, तेच न फुटलेलं रडू?"

त्याच्या चेहऱ्यावरचं हसू विझलं. "पंडितशेठच्या बापाकडे चाळीस एकर बागायत होती. सरांचं तुम्हाला माहीतच आहे. पण मोठ्या माणसाच्या पुस्तकात सुरुवातीला उपास लागतो, पूर्णिमाजी. नाही तर लोक म्हणतात, यात काय विशेष?"

"म्हणून मनाने रचलं?"

"रचलं नाही." तो वहीच्या कडेवरून बोट फिरवत राहिला. "त्यांच्याकडे नव्हतं... माझ्याकडे होतं. आमच्या गावचा, तुकईथडचा नाला आहे तो. दप्तर माझं होतं."

ती क्षणभर विरघळलीच होती. मग तिच्यातल्या गणिताच्या बाईंनी तिला आवरलं. "हे तुम्ही कितव्यांदा सांगताय? कुणासमोर?"

तो वही काखेत मारून आला तसा निघून गेला.

दोन रात्री तिला झोप आली नाही. खरं असेल, तर आपण एका माणसाचा अपमान केला. खोटं असेल, तर... खोटं असेल, तर इतकं वाईट का वाटतंय? रविवारी सकाळी तिने मैत्रिणीकडे जाते असं सांगितलं आणि तुकईथडची बस पकडली.

समाधानची आई मालूबाई अंगणात गहू पाखडत होती. "मी बुऱ्हाणपूरच्या शाळेतली," एवढंच पूर्णिमाने सांगितलं. मालूबाईने आधी पाणी दिलं, मग प्रश्न ऐकले. नाला होता, पाऊसकाळात छातीला लागायचा, दप्तर डोक्यावर असायचं. सगळं खरं निघालं. पूर्णिमा उठायच्या बेतात होती, तेवढ्यात मालूबाई आत गेली आणि गोधडीच्या घडीतून पोस्टकार्डांचा गठ्ठा घेऊन आली.

"धा वरसाचा होता, तव्हा शिकाले मामाघरी ठिवला बुऱ्हानपुरात. दर आठोड्याले कारड लिहे. वाच ना तू. माले नाही येत."

पूर्णिमाने वाचलं. 'आई, मी मजेत आहे. मामी रोज दोन भाज्या करते. काल शिरा होता. नको म्हटलं तरी दूध देतात.' दुसरं कार्ड, तिसरं, चौथं... सगळ्यांत शिरा, दूध, मऊ गादी.

"सरपंचाच्या ओट्यावर वाचून दाखवत. चार बाया आयकत. माही छाती फुगे." मालूबाई थांबली. "दिवाईले आनाले गेली, त पोरगं पार कोंबडीच्या पिलासारखं झालतं. मामी उरलंसुरलं द्ये त्याले. जिन्याखाली निजे. म्या म्हटलं, लिहिलं काऊन नाही रे? त म्हने, तुह्यासमोर कोनी मोठ्यानं वाचलं असतं ना, आई."

पूर्णिमाला पुढची कार्डं दिसेनाशी झाली. मालूबाईने न विचारता तिच्या हाती पदराचं टोक दिलं.

परतीच्या बसमध्ये तिने मनाशी तपासून पाहिलं. शिऱ्याची ही गोष्ट त्याने ना पंडितशेठच्या पानात दिली होती, ना पप्पांच्या. तिच्यासमोरही सांगितली नव्हती.

रात्रीच्या जेवणाला तिने पप्पांपुढे सरळ विषय काढला. पप्पांचा घास हातातच राहिला.

"त्याची चूक नाही, बेटा. मीच म्हटलं होतं त्याला, थोडं दुःख टाक. मंचावर बसायचं, तर रिकाम्या हाताने कसं बसायचं?"

"आणि खरं काय होतं?"

पप्पांनी घास परत ताटात ठेवला आणि हात धुवायला उठले.

मंगळवारी समाधान आला. तिच्याकडे न बघताच बसला. पप्पांनी टाइप केलेलं प्रकरण त्याच्या हाती परत दिलं. "हे तुझं, तू ठेव. माझं आता लिही. 'लहानपणी मला काहीच कमी नव्हतं. माझ्या बाकावरचा मुलगा मधल्या सुट्टीत फक्त पाणी पिऊन यायचा. तो रोज पाणीच का पितो, हे मला पुढे तीस वर्षं कळलं नाही.'"

समाधानचं पेन थांबलं. मग त्याने ते अक्षरन् अक्षर लिहून घेतलं.

तो निघाला, तेव्हा ती त्याला सोडायला दारापर्यंत गेली. गल्लीत पॉवरलूमची खडखड चालू होती, त्यामुळे त्याला जरा वाकून बोलावं लागलं.

"आईचा फोन आला होता. म्हणाली, एक मास्तरीण येऊन गेली. लई विचारे, मंग लई रडे." त्याच्या आवाजाला धार होती. "झाला तपास?"

"झाला."

"काय निघालं?"

"मी चुकले, ते निघालं." ती ओढणीचं टोक पिळत राहिली. "आणि... तू लहानपणापासून खोटं लिहितोस, तेही निघालं."

ती 'तू' म्हणाली होती. दोघांनाही ते एकदमच कळलं.

"कार्डं दाखवली तिने?" त्याने डोळे मिटले. "ती गोष्ट मी कुणालाच दिली नव्हती."

"म्हणून तर विश्वास बसला. आता ती तुझ्या नावाने लिही."

"माझं कोण वाचणार? मी कुठे मोठा माणूस?"

"मी वाचेन. लाल पेन घेऊन. प्रत्येक ओळीवर संशय घेईन."

"कुठवर?"

"तू लिहिशील तिथवर."

तो हसला... पहिल्या दिवशीचं ते हसू. "मग एक ओळ तोंडीच सांगतो, तपासून घे. शुक्रवारी इथून गेलो, तेव्हा ठरवलं होतं, पुन्हा या घरात पाऊल टाकायचं नाही. आणि मंगळवारपर्यंत दिवस मोजत बसलो. पूर्णिमा... मला तू आवडतेस. लग्न करशील माझ्याशी?"

तिने त्याच्या डोळ्यांत बराच वेळ पाहिलं. खोट शोधायची म्हणूनच पाहिलं, पण मग नजर काढून घ्यायचं राहूनच गेलं.

"आईला विचारलंस?"

"तिनेच विचारलं. म्हणाली, ते मास्तरीन पुन्हा कव्हा येते?"

"सांग तिला, येत्या रविवारी," पूर्णिमा म्हणाली. "आणि तूही चल. मला शिरा करता येतो. तुम्हा दोघांना वाढेन."