ओली गाठ

मृणाली, तो मोबाइल पालथा ठेव. हितेश, तू दाराजवळून आत सरक. आपल्या अंजूरचा भूपेश माहीत आहे ना, डाव्या हाताला कायम रुमाल गुंडाळलेला? त्या रुमालाखाली काय आहे ते ऐका. हे त्याने दवाखान्यात मला स्वतः सांगितलंय. मध्ये कुणी खी-खी केलं तर कानफटीत बसेल.

पाच नोव्हेंबर, बुधवार, पौर्णिमा. रात्री साडेनऊला जेवून भूपेश खाडीवर निघाला. काम साधंच. दापोड्याच्या गोदामात सुपरवायझरची जागा रिकामी झाली होती आणि तिथल्या साहेबाचा जीव खाडीतल्या जिताडा माशावर. आदल्या वर्षी असाच एक जिताडा पोचवून भूपेश पर्मनंट झाला होता.

"सकाळी शिफ्टच्या आधी नेऊन देतो," तो म्हणाला.

"आज नको ना जाऊ," त्याची बायको वैशाली म्हणाली. "हिरामणकाकांना जाऊन आज वरीस झालं."

तो चप्पल घालून चालू लागला.

हिरामण म्हणजे त्याचा गुरू. गळाचा बारीक तंगूस, म्हणजे नायलॉनचा दोरा, आणि पुढचा जाड तंगूस जोडायची गाठ गावात त्याच्यासारखी कुणाची नव्हती. सात वेढे घालायचा, तोंडातल्या तंबाखूची थुंकी गाठीला लावायचा, मग हळूहळू ओढायचा. "सुकी गाठ ओढलीस तर तंगूस तापतो रं, जलतो. आन् हाताला कवा गुंडाळायचा न्हाय." त्याच्या गाठी तपकिरी असायच्या, लांबून ओळखू यायच्या.

आदल्या वर्षी हाच हिरामण अडकलेली गळाची गरी सोडवायला खाडीत उतरला आणि कमरेपर्यंत चिखलात रुतला. भरती लागली होती. "भूप्या, जाड तंगूस जोडून फेक!" नेमका तेव्हाच भूपेशच्या गरीला जिताडा लागला. त्याने आधी मासा ओढला. सावकाश. मग तंगुसाचे दोन तुकडे घाईघाईत सुकेच जोडून फेकले. हिरामणने जोर लावला आणि गाठ तुटली. दुसरी बांधायला वेळ होता, पोरांनो. पण साहेबाला मासा ताजा लागतो. भूपेश मासा घेऊन निघाला आणि हिरामणच्या बायकोला, रंगूबाईला सांगून गेला, "काका मागून येतायत." ती बिचारी रात्रभर दार उघडं ठेवून बसली. जनावर बरं त्याच्यापेक्षा. हे मी त्याच्या तोंडावर बोललोय.

तेव्हापासून गाठ बांधायला बसला की भूपेशचं तोंड कोरडं पडायचं. थुंकीच सुटायची नाही. त्या रात्रीही बांधावर बसून त्याने गाठ सुकीच ओढली. सव्वाअकरा झाले. भरती चढत होती. बोटं गारठली, म्हणून त्याने तंगूस डाव्या मनगटाला गुंडाळला.

हिसका बसला.

भूपेश थेट चिखलात. मांडीपर्यंत. सुरी वर बांधावर राहिली. तंगूस मनगटात रुतत होता. मासा झटके देतो. हे तसं नव्हतं. एकसारखं... माणूस दोर ओढतो तसं.

तुटेल, तो मनात म्हणाला. सुकी गाठ आहे. तुटणारच.

पाणी कमरेला आलं. तुटेना.

त्याने जिवाच्या आकांताने तंगूस आत ओढला. गाठ हाताशी आली. चाचपली. चिकट लागली. बोटं नाकाशी नेली...

तंबाखू.

"काका..."

पाणी छातीला.

"काका, चुकलो..."

मागे बांधावर कुणीतरी पचकन थुंकलं. मग आवाज. शिकवताना असायचा तसाच शांत.

"भूप्या... आधी मासा ओढ."

सकाळी ओहोटीला आम्ही त्याला काढला. पाणी हनुवटीपर्यंत येऊन गेलं होतं. जिवंत होता. मेला असता तर सुटला असता. तंगूस हाडापर्यंत गेलेला, डॉक्टरांनी हात मनगटापासून काढला. तंगुसाच्या दुसऱ्या टोकाला काही नव्हतं. गरीसुद्धा नाही. आता रात्र झाली की दार उघडं ठेवून बसतो, वैशालीला लावू देत नाही.

ती गाठ मी कापून आणली. ही बघा, या डबीत. भूपेशने जन्मात तंबाखू खाल्ला नाही, आणि मीही नाही. चार महिने रोज उन्हात ठेवतोय.

हितेश, हात पुढे कर. लाव बोट... ओलं लागलं ना?

आता हुंग.