आठव्या चौकोनातला खडक

ती गुहा इतकी खोल की आत मारलेली हाक दुसऱ्या दिवशी न्याहारीला परत यायची. पटत नसेल तर वरवट बकालला जाऊन कुणालाही विचारा! पण ही गोष्ट घडली गुहेच्या तोंडाशीच.

महाराष्ट्र होऊन दोन वर्षं झाली होती. सातपुड्याच्या पायथ्याच्या त्या चुनखडीच्या गुहेत आदिमानवाची हाडं अन् दगडी हत्यारं निघत होती. खामगावचा निवृत्ती खोदकामाचे नकाशे काढायचा. पहिल्याच दिवशी खुंट्यांना दोरी ताणून जमिनीवर खोदायचे चौकोन आखत तो मागे सरकला, तो थेट माती चाळणाऱ्या कौशल्येवर आदळला.

"डोये हायेत का बटनं?"

"डोयेच होते... आता तुमच्यापाशी राह्यले."

कौशल्येनं मान खाली घातली. चाळणी मात्र थांबली होती.

महिनाभर असंच चाललं — चुन्याची पांढरी धूळ, अन् त्या धुळीआडून चोरून बघणं. एकच गोष्ट निवृत्तीला कळेना. ती सदा आठव्या चौकोनावरच बसायची.

"काऊन, सोनं पुरलं काय तिथं?"

"हाव," ती म्हणाली. हसली नाही.

खोदकामाच्या साहेबांनी आठवा चौकोन खणायला सांगितला, त्या दुपारी तिनं तिथली खुंटी दोन्ही हातांनी धरली.

"माहं लेकरू हाये इथं... नवरा गेला, मंग महिन्याभरात हे. दहा दिवसाचं होतं. त्याची हाडं डब्यात घालतीन, वरून नंबर टाकतीन..."

निवृत्तीनं नकाशा मांडीवर घेतला अन् आठव्या चौकोनात शाईनं लिहिलं — खडक.

साहेब आले. त्यांनी काठी रोवली. ती वीतभर सहज आत गेली. त्यांनी नकाशा पाहिला, निवृत्तीला पाहिलं, खुंटीला बिलगलेल्या कौशल्येला पाहिलं.

"खोटा नकाशा काढणारा माणूस मला नको. उद्यापासून येऊ नकोस."

चार पावलं जाऊन ते थांबले.

"आणि हा चौकोन सोडा. खडक आहे."

उन्हं कलली. मजूर गेले.

"माह्यापायी तुमची नोकरी गेली."

"जाऊ द्या... लेकराचं नाव काय?"

"बाराव्या दिवशी ठेवाचं होतं. नाव तं आत्या ठेवते. याले आत्याच नाही."

निवृत्ती तिच्यासमोर बसला. मातीला हात लावायचा त्याला धीर होईना.

"खामगावले... माही बहीण हाये."

कौशल्येच्या हातातली खुंटी सुटली.

"कधी आणसान तिले?"