एकशे एकतीस श्वास

आमच्या छकुलीचं वेळापत्रक नवऱ्याने फ्रिजवर चिकटवलं होतं. साडेसातला आंघोळ, आठला दूध, मग मंद दिवा आणि उशीजवळच्या छोट्या स्पीकरवर एक गोष्ट. डॉक्टरीणबाईंनीच सुचवलं होतं. आधी दीड तास रडारड करणारी साडेचार वर्षांची पोर पंधरवड्यात बारा मिनिटांत झोपायला लागली. घरात सगळे खूश. मी सोडून.

गोष्ट सांगणारी बाई कोण, कुठली, आम्हाला काहीच माहीत नव्हतं. छकुली तिला मावशी म्हणायची. एकदा मी स्पीकर बंद केला आणि म्हटलं, आज मी सांगते. तिने माझी दोन वाक्यं ऐकून घेतली आणि दारात आलेल्या माणसाला वाटेला लावावं तशी म्हणाली, "आई, तू जा. मावशी सांगेल." नऊ महिने पोटात वाढवली मी, आणि गोष्ट मावशी सांगणार. माझा नुसता तिळपापड झाला.

आता माझं काम सांगते. मी स्टुडिओत आवाज साफ करते. लोकांनी वाचलेली पुस्तकं माझ्याकडे येतात. त्यांतले खोकले, चुकलेले शब्द, पानांची सळसळ मी कापते. श्वासांचा आवाज मात्र आम्ही फक्त कमी करतो, श्वास पूर्ण काढत नाही. सगळे काढले तर ऐकणाऱ्याचाच जीव गुदमरतो, हे आमच्या वस्तादांनी पहिल्या दिवशी शिकवलेलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी मावशीची गोष्ट स्टुडिओतल्या कॉम्प्युटरवर उघडली. चांगली सांगत होती मेली. फक्त प्रत्येक वाक्याआधी ती मोठा, ओलसर श्वास घ्यायची, अगदी कानाशी तोंड आणल्यासारखा. मी ते सगळे कापले. एकशे एकतीस. कापलेलं काही फेकायचं नाही या सवयीने ते एका वेगळ्या फाइलमध्ये ठेवले. यात कामाची शिस्त वगैरे काही नव्हती. मी जळत होते, आणि कापताना बरं वाटत होतं.

रात्री तीच कापलेली गोष्ट स्पीकरवर लावली. छकुली पडून ऐकत होती. थोड्या वेळाने तिची छाती हलायची थांबली. मावशी न थांबता वाक्यामागून वाक्य बोलत होती आणि पोरीचे ओठ पांढरे पडत चालले होते. मी धावत जाऊन स्पीकर बंद केला. पाण्यातून वर आल्यासारखा तिने श्वास ओढला.

"मावशीला श्वास का नाही घेऊ दिला?" तिने मला विचारलं.

नवरा म्हणाला, नाटकं करते, तुझ्यावर गेलीय. तरी मी त्याच्या फोनमधली मूळ गोष्ट लावून पाहिली. त्या फाइलला मी कधी हातही लावला नव्हता. तीत एकही श्वास नव्हता.

स्पीकर माळ्यावर गेला. पुढच्या रात्री गोष्ट मी सांगितली. छकुलीने कुरकुर केली नाही. माझ्या छातीला कान लावून ती पडून राहिली आणि बारा मिनिटांत झोपली. कित्येक महिन्यांनी माझ्या कुशीत. खोटं कशाला बोलू, जिंकल्यासारखं वाटलं.

सकाळी कामावर जाऊन ती वेगळी फाइल उघडली. पुसूनच टाकणार होते. एकशे एकतीस तुकडे जागच्या जागी होते. पण आवाज कशातच नव्हता. पडद्यावर नुसती सरळ रेघ.

यंत्र बिघडलं असेल म्हणून मी माइकवर एक वाक्य बोलून पाहिलं.

यंत्र ठीक होतं. वाक्याआधी दोन श्वास उमटले होते. मी एकच घेतला होता.

रात्री आठला छकुली आपणहून पळत आली. दिवा मंद केला. तिने माझ्या छातीला कान लावला, डोळे मिटले आणि हसली. मी म्हटलं, "एकदा काय झालं..."

तिने माझ्या तोंडावर हात ठेवला.

"गोष्ट नको, आई," ती हळूच म्हणाली. "तू नुसता श्वास घे."