चटई तिथे जागा

"तायडे, हयसून माका नुसती भिंतच दिसता!" सत्यवतीच्या पाठीवरून बाबली ओरडला.

सत्यवतीने त्याला एका पायरीवर टेकवलं आणि कशीबशी कंबर सरळ केली. काजूच्या झाडावरून पडल्यामुळे आठ वर्षांच्या बाबलीचा पाय प्लॅस्टरमध्ये होता. "तुला शर्यत अगदी समोर बसून दाखवीन," असं वचन ती देऊन बसली होती. आता सकाळपासून भावाला पाठुंगळी घेऊन अख्खं मालवण पालथं घालणं चाललं होतं, आणि मे महिन्याच्या उन्हाला काही तिची दया येत नव्हती.

गोवा मोकळा झाल्यानंतरचा हा दुसरा उन्हाळा. बेळगाव, कोल्हापूर, पणजीहून मोटारी आल्या होत्या. चार वाजता त्या बाजारपेठेतून बंदराकडे आणि परत अशा गोल फेऱ्या मारणार होत्या.

"जागा गावली!" चुलतभाऊ गुरुदास धावत आला. "बंदराकडच्या वळणार! मांडवाच्या बाजूक!"

तिथे रस्त्याच्या बाहेरच्या कडेला चटयाच चटया होत्या. दशावतार बघायला जाताना करतात तसंच लोकांनी केलं होतं. चटई अंथरायची आणि खुशाल घरी जेवायला जायचं. दुसऱ्याच्या चटईवर कोणी बसत नाही! गुरुदासने मधल्या फटीत आपलं गोणपाट घातलं होतं. सत्यवती त्यावर मटकन बसली. आता इथून उठायचंच नाही, असं तिने ठरवून टाकलं.

एवढ्यात शिवा पोस्टमन सायकलसकट धपकन आडवा झाला! तो कपडे झटकून जातो न जातो तोच दूधवालाही बरोबर त्याच जागी घसरला.

"ह्या काय गो?" गुरुदास हसत सुटला.

सत्यवतीला हसू आलं नाही. तिने वाकून रस्त्याला बोट लावलं. हिरवं, बुळबुळीत! शेणाचा सडा! प्रमुख पाहुण्यांच्या मांडवासमोर शर्यत भरवणाऱ्या मंडळाने घरच्या अंगणासारखा सडा घातला होता, आणि शर्यतीआधी पुन्हा घालायला दोन पिंपं भरून ठेवली होती.

मंडळाचे अध्यक्ष दाजी मांडवात तोरण बांधून घेत होते.

"दाजीनू, हय मोटार घसारतली नि थेट लोकांच्या आंगार येतली!" सत्यवती त्यांच्यापाशी जाऊन म्हणाली.

"पावणे येतले नि दारात सडो नको? धुरळो खातले ते?" दाजी उखडले. "माका शिकवतंस? जावा, सरबत पिया!"

"आपण दुसरीकडे बसया," गुरुदास पुटपुटला.

"आणि ह्या लोकांचा काय?"

सत्यवतीला आता तिथेच आडवं व्हावंसं वाटत होतं. पण चटयांकडे बघता बघता तिचे डोळे चमकले.

"गुरू, लोक जागा बघनत नाय. आपली चटय बघतत!"

वळणाच्या आतल्या बाजूला शाळेचा उंच चिरेबंदी कट्टा होता. तिथे पाहुण्यांशेजारी मिरवता येत नव्हतं, म्हणून तो रिकामाच पडला होता. दुपारी दाजींसकट सगळं गाव जेवून लवंडलं, आणि दोघांनी चटया ओढायला सुरुवात केली. बाबली कट्ट्यावर बसून राखण करत होता. शेवटी पाहुण्यांची जडशीळ खुर्चीही दोघांनी मिळून वर चढवली.

"मंडळानच हलवल्यान दिसता," म्हणत लोक आले आणि निमूटपणे आपापल्या चटईवर बसले! पाहुणेही माणसं दिसली तिकडे गेले आणि खुर्चीत विसावले. दाजी लालबुंद झाले, पण पाहुण्यांना उठवणार कसं? तेवढ्यात मंडळाच्या माणसांनी ताज्या सड्याची पिंपंही वळणावर रिकामी केली.

शिट्टी वाजली! पहिल्याच फेरीला निळी मोटार वळणावर आली, गर्रकन फिरली आणि थेट मांडवात शिरली! खांब कडाकडा मोडले. सकाळी जिथे चटया होत्या तिथे नुसती धूळ उडत होती. चालक खोकत बाहेर आला. त्याला खरचटलंसुद्धा नव्हतं!

वळणावर वाळू टाकून मग शर्यत पुरी झाली. बाबली ओरडून ओरडून घसा बसवून घेत होता. सत्यवती मात्र त्याच्या शेजारी भिंतीला टेकून गाढ झोपली होती.

चटया कोणी हलवल्या ते दाजींनी ओळखलं होतं. त्यांनी येऊन तिला हलकेच उठवलं. "चेडवा, चुकलंय मी," ते सगळ्यांदेखत म्हणाले. "आज गावाक वाचवलंस! माग, काय होया ता!"

सत्यवतीने डोळे चोळले.

"माका कायएक नको, दाजीनू. ह्येका तेवढो घराक व्हरा!"

दाजींनी धोतराचा काचा मारला आणि पाठ वाकवली. बाबली टुणकन चढून बसला. मागून सत्यवती मोकळ्या हातांनी चालत होती. शर्यत कोणी जिंकली, हे विचारायचंही तिला सुचलं नाही.