ओली निळी फुलं

एफ्राइम टटल हे वयोवृद्ध चित्रकार किझाया हाउलंडबाईंच्या दारात आले, तेव्हा त्यांच्या अंगठ्याला निळा रंग लागला होता.

"माझ्या चित्राला कुणीतरी हात लावतंय," ते म्हणाले. "फुलं आठवड्यापूर्वीच सुकली होती. काल मी फक्त पक्षी रंगवला. आज अंगठा टेकला, तर फुलं ओली."

किझायाबाई पूर्वीच्या शिक्षिका. आता न्यूबरी गावात कुणाचं काही बिनसलं की लोक त्यांच्याकडे येत. धाकटा भाऊ अमोस त्यांच्यासोबत हिंडे आणि बहुधा चुकीच्याच माणसावर संशय घेई.

टटलांचा संशय त्यांचा शिष्य जोसाया क्रेन याच्यावर होता. शुक्रवारी बोस्टनचा व्यापारी चित्र पाहायला येणार होता. त्याआधी जोसायाला हाकलायचं त्यांनी ठरवलं होतं.

टटलांच्या घरी जांभळी शाल पांघरलेल्या त्यांच्या पत्नी लविनियाबाईंनी दार उघडलं.

"ही तपकिरी शाल कधी टाकणार?" टटल कुरकुरले. बाई नुसत्या हसल्या. म्हाताऱ्याचं बायकोकडे लक्षच नाही, असं अमोसला वाटलं.

चित्रातला इवलासा हमिंगबर्ड पक्षी रेषेत जिवंत होता, पण रंगाने मातकट. भोवतीच्या वेलीवरची फुलं मात्र पहाटेइतकी निळी.

जोसायाने सांगितलं, की तो पाचला घरी जातो. निळा रंग हल्ली फार लवकर संपतो, पण गुरुजी त्याला फारसे शिवतही नाहीत. अमोसने बहिणीला खुणावलं, हाच चोर.

लविनियाबाईंनी ब्लूबेरी भरलेलं गोड पक्वान्न वाढलं. त्यांच्या हातांना टर्पेंटाइनचा वास होता. लाकडी सामान पुसत होते, असं त्या म्हणाल्या. टेबलावर तर बोटभर धूळ होती. फळीवरच्या बश्यांवर नाजूक निळी फुलं होती. ती त्यांनीच लग्नाआधी रंगवलेली.

किझायाबाईंनी सगळ्यांना चित्रापाशी बोलावलं.

"टटलसाहेब, बाईंची शाल जांभळी आहे. तुम्हाला ती तपकिरी दिसते, कारण तुमच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरलाय. निळं तुम्हाला मातकट दिसतं, म्हणून तुमचा पक्षी मातकट उतरला, आणि तुमची फुलंही तशीच उतरली असती. दिवसा तुम्ही चित्रासमोर असता, आणि जोसाया पाचनंतर इथे नसतो. मग निळा रंग संपवणारा हात घरातलाच. ज्याला फुलं रंगवता येतात, आणि सामान न पुसताही ज्याला कुंचले धुवायच्या टर्पेंटाइनचा वास येतो, असा."

अमोसने मान खाली घातली.

"कधीपासून?" त्यांनी बायकोला विचारलं.

"गेल्या पानगळीपासून. तीन चित्रं झाली. तुम्हाला कळलं असतं, तर तुम्ही कुंचला कायमचा खाली ठेवला असता."

"आधीच्या चित्रांतल्या ज्या फुलांची बोस्टनवाल्यांनी तारीफ केली, ती..."

"हो."

टटलांनी आधी जोसायाची माफी मागितली. मग खुर्ची चित्रासमोर ओढली, बायकोला तीत बसवलं आणि डोळे बारीक करून वेलीकडे वाकून पाहिलं.

"रंग तुझे उत्तम आहेत, लविनिया," ते म्हणाले. "पण हे पान चुकलंय. देठाशी ते हृदयासारखं हवं. पूस ते. मी रेष काढून देतो, तू भर."