पोस्टमनचे पाय कुणी नेले?

जिन्याखालच्या अडगळीच्या खोलीत गाद्या उभ्या करून मुंगी, भोंग्या आणि खोडरबर या तिघांनी स्टुडिओ थाटला होता. सुट्टी लागल्यापासून दर दोन दिवसांनी तिथून ‘आमचं मत’ नावाचा पॉडकास्ट निघायचा. मत द्यायला अक्कल लागत नाही, तोंड लागतं, असं मुंगीची आई म्हणायची; आणि तोंडाची तिघांकडे मुळीच टंचाई नव्हती. भोंग्याच्या मते नव्या गेममधला ड्रॅगन म्हणजे पंख लावलेली पाल होती. मुंगीचा मामेभाऊ खोडरबर याला कुणाची तरी चूक काढल्याशिवाय अन्न पचत नसे. त्याच्या मते दहा मिनिटं हसून मग विषयावर येणारे पॉडकास्ट बंदच करायला हवेत. आपण स्वतः बारा मिनिटं हसतो, हे मुंगीने दाखवून दिल्यावर त्याने तिचं घड्याळच चुकीचं ठरवलं.

चौथ्या भागात मुंगीने ‘पाताळाचा पोस्टमन’ या कॉमिकला झोडपलं. बोगद्याबोगद्यांतून पत्रं पोचवणारा हा पोस्टमन तिघांचा जीव की प्राण होता. पण गेल्या दोन अंकांत त्याला पायच नव्हते. हात मनगटाशी संपायचे. “चित्रकारबाई आळशी झाल्यात,” मुंगी माइकमध्ये म्हणाली, “पाय काढायचा कंटाळा येत असेल तर त्यांनी भूत तरी काढावं.” भोंग्या इतका हसला की गादी त्याच्या अंगावर पडली. तो भाग अकराशे जणांनी ऐकला. मुंगी दोन दिवस हवेत होती.

तिसऱ्या दिवशी पुस्तकांच्या दुकानात पाटी दिसली: ‘वाचकांच्या तक्रारीवरून पोस्टमनला लवकरच नवे चित्रकार.’ दुकानदारकाकांनी कौतुकाने सांगितलं, की संपादकांनी यांचा पॉडकास्ट साऱ्या ऑफिसला ऐकवला आणि पंधरा वर्षं चित्रं काढणाऱ्या बाईंना त्याच दिवशी निरोप दिला. भोंग्याने टाळीसाठी हात पुढे केला. मुंगीने टाळी दिली नाही.

“पण एक समजत नाही,” ती घरी येऊन म्हणाली. “ज्यांनी पंधरा वर्षं बुटांच्या नाड्यासुद्धा काढल्या, त्या एकदम पायच कसे विसरतील?”

खोडरबरने जुना अंक आणि नवा अंक एकावर एक ठेवले. नवा बोटभर आखूड होता. चित्रं मात्र तेवढीच मोठी होती.

आता थांबणं शक्य नव्हतं. अंक जिथे कापले जात, तो बाइंडिंगचा कारखाना दोन गल्ल्या पलीकडे होता. दुपारी जेवायच्या सुट्टीत तिघं मागच्या दाराने आत शिरले. कोपऱ्यात कात्रणांची पोती होती. मुंगीने एका पोत्यात हात घातला आणि तिच्या मुठीत बूट आले. कागदाच्या अरुंद पट्ट्यांवर बूट, बोटं, कंदिलाचा तळ, सगळं होतं. पोत्यात दोन अंकांतले पोस्टमनचे सगळे पाय भरले होते.

“काय रे चोरांनो?” मागून आवाज आला. डबा हातात घेऊन कागद कापणारे कटरकाका उभे होते. भोंग्याचा आवाज, जो एरवी तीन घरं ऐकू जायचा, तो नेमका आताच बसला. मुंगीने पट्टी पुढे धरली आणि तिला रडूच फुटलं. कटरकाकांनी पट्टी पाहिली, मग भिंतीवर चिकटवलेली चिठ्ठी काढून दिली. कागदाचा आकार बदलला आहे, खालून बोटभर कापा, असा हुकूम होता. खाली संपादकांची सही. “मी कापतो बाळा, वाचत नाही,” ते ओशाळून म्हणाले.

संपादक मुलांना भेटले नसते. पण पॉडकास्टवर मुलाखत हवी म्हटल्यावर त्यांनी केस विंचरून तिघांना आत बोलावलं. वाचकांची नाडी आपल्याला कशी कळते, यावर ते सात मिनिटं बोलले. मग मुंगीने विचारलं, “नव्या अंकात अकराव्या पानावर पोस्टमनच्या हातात काय आहे, ते सांगाल का?”

“पत्र. दुसरं काय असणार?”

“उघडून सांगा ना.”

त्यांनी अंक उघडला. छापलेल्या अंकाचं मुखपृष्ठ सोडून ते काही पाहत नसावेत, कारण पान सापडायलाच त्यांना वेळ लागला. हात मनगटाशी संपला होता. मुंगीने पोत्यातली पट्टी खाली जोडली. हातात किल्ली होती. ती दिसली नाही म्हणून अख्खी गोष्ट वाचकांना कळली नव्हती. खोडरबरने चिठ्ठी शेजारी ठेवली. आपली सही ओळखायला संपादकांना पट्टी लागली नाही.

आकार बदलल्याचं बाईंना सांगायचं राहूनच गेलं, असं ते पुटपुटले. त्यांनी तिथल्या तिथे बाईंना फोन लावून माफी मागितली, काम परत दिलं, आणि मुलांची पाठ थोपटून म्हणाले, की असे चौकस वाचक लाखात एक. भोंग्या फुलून गेला. मुंगीला ती थाप नकोशी झाली.

संध्याकाळी ती दोघांना घेऊन चित्रकारमावशींच्या घरी गेली. खिडकीशी टेबल होतं आणि त्यावर काहीच नव्हतं. “पॉडकास्टवर ते मी म्हटलं होतं,” मुंगी दारातच म्हणाली.

“आवाज ओळखला,” मावशी म्हणाल्या. “तीनदा ऐकलं. छापलेला अंक मी कधी उघडत नाही, चुकाच दिसतात. म्हणून मला वाटलं, खरंच असेल. हात थकला असेल माझा.”

मुंगीने आत येऊन बुटांची पट्टी त्यांच्या हातात दिली.

“पाय नाहीत, हे फक्त तुला दिसलं. शाबास आहे तुझ्या नजरेची. पण मी आळशी आहे, हे तुला कुणी सांगितलं?”

तो भाग आत्ता काढून टाकते, असं मुंगी कसंबसं म्हणाली.

“काढू नकोस. त्याच्यापुढे दुसरा जोड.”

भोंग्याने फोन टेबलावर ठेवला. खोडरबरने एकही चूक काढली नाही. मुंगी त्यात बोलली: “चौथ्या भागात मी चित्रकारमावशींना आळशी म्हटलं. आळशी मी होते. त्यांचं घर तीन गल्ल्यांवर आहे, आणि मी विचारायला आले नाही.”

या वेळी कुणी हसलं नाही. मावशींनी फोन हलकेच बाजूला सरकवला आणि तिथे नवा कागद पसरला.