टिप्पर उभा होता

“साहेब, टिप्पर उभा होता. तो पोरगाच सायकलीनं येऊन आदळला.”

ड्रायव्हर आसाराम चार दिवस हेच घोकत होता. टिप्परमधला वेग नोंदवणारा डबाही त्याच्याच बाजूचा. धडकेच्या क्षणी वेग शून्य! झालं, धडकेत गेलेला अमर पिऊन सायकल चालवत होता, असं एकोडी गावभर पसरलं.

फौजदार धम्मदीप अमरच्या घरी गेले. त्याची आई चंद्रभागाबाई ओसरीत धानाच्या पोत्याला टेकून बसली होती.

“माहा अमर दारूले शिवत नोहता, साहेब. त्याच्यावरचा डाग तेवढा पुसा. दुसरं काई मांगत नाई.”

धम्मदीपनी पोत्यात हात घातला. धान ओलसर होतं, त्यात डांबराची बारीक खडी होती.

ठाण्यात त्यांनी टिप्परची चाकं पाहिली. मागची चारही एकाच जागी सपाट घासलेली, खाचांत धानाचा भुसा.

“आसाराम, डबा वेग कसा मोजते?”

“चाकाच्या फेऱ्यांवरून.”

“चाक अडकलं तर?”

“शून्य दाखवते.”

“धडकेच्या एक सेकंद आधी बासष्ट आहे. भरला टिप्पर एका सेकंदात थांबते का रे?”

आसारामचा चेहरा पडला. “ब्रेक दाबला, साहेब. चाकं जाम झाली, पन गाडी घसरतच गेली. रस्त्यावर धान टाकलं होतं.”

“पंचनाम्यात रस्ता साफ होता.”

“धडक झाल्यावर एक बाई ते खराट्यानं लोटून राहिली होती. मी काहून सांगू? माह्या फायद्याचंच होतं.”

संध्याकाळी धम्मदीप पुन्हा त्या ओसरीत आले.

“अमर आपल्या बाजूनं सरळ चालला होता, बाई. टिप्पर बासष्टनं आला. डबा फेऱ्या मोजते, घसरणं मोजत नाही. म्हणून शून्य. गुन्हा आसारामचा.”

“मंग डाग गेला?”

“गेला. धान रस्त्यावरच राहिलं असतं, तर घसरल्याची खूण दिसून पहिल्याच दिवशी गेला असता.”

चंद्रभागाबाईनं पोत्यावरचा हात काढला.

“सुकाले टाकलं होतं. दरसाल टाकतो. मी घरी होती. लोक म्हनले, तुह्या धानावर कोनाचा तं पोरगा पडला, दवाखान्यात नेला. पोलीस येतीन म्हून मी पयले धान लोटलं. कोनाचा, ते इचारलंच नाई, साहेब. धान भरून झाल्यावर इचारलं.”

धम्मदीपना तिच्याकडे बघवेना.

“आसारामच्या खाली माहं बी नाव लिहा,” ती म्हणाली.

त्यांनी पेन उघडलं. लिहावंच लागणार होतं.